आईसाठी नवरा

केझाया चाळिशीला आली तेव्हा तिच्यावर आईसाठी नवरा शोधायची वेळ आली.

लेकीचं लग्न आईने जमवावं ही जगाची रीत. पण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले कायदे करणारे लोक फार विद्वान. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की मोकळ्या काळ्या माणसाला गुलाम विकत घ्यायचाच असेल तर त्याने आपला नवरा, आपली बायको किंवा आपली पोरं घ्यावीत; बाकी कोणी नाही. त्यात आई बसत नव्हती. कायदा करणाऱ्यांना बहुतेक आया नसाव्यात, किंवा असल्या तरी त्या विकत आणायची पाळी त्यांच्यावर कधी आली नसावी. गुलामाचं लग्न हे कायद्याने मुळी लग्नच नसतं, हेही त्याच विद्वानांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे जी बायको कायद्याने बायको असूच शकत नाही, तेवढी मात्र कायद्याने विकत घेता येत होती. पीटर्सबर्ग गावातल्या काळ्यांच्या चर्चमधले डीकन, म्हणजे धर्मसेवक, बार्नबस वर्तमानपत्र वाचू शकत. त्यांनी हे सगळं केझायाला दोनदा वाचून दाखवलं, तरी त्यांनाही ते नीट उमगलं नाही.

केझाया कपडे धुवायची. लहानपणीच आईच्या मालकिणीने, ओल्डमबाईंनी, तिला गावातल्याच दुसऱ्या घरी विकलं होतं, त्यामुळे ती त्यांच्या स्वयंपाकिणीची, टेमरची, लेक आहे हे गोऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पुढे एका नावाड्याने, जो जन्माचाच मोकळा होता, तिला विकत घेतलं, लग्न केलं, मोकळं केलं आणि तापाने मरून गेला. मोकळ्या झालेल्या माणसाने वर्षाच्या आत राज्याबाहेर चालतं व्हावं असाही एक कायदा होता. मात्र अंगी काही असामान्य गुण असले तर कोर्ट राहू देत असे. केझायाच्या अंगचा असामान्य गुण म्हणजे खळ. तिने खळ घातलेली कॉलर दिवसभर ताठ राहायची. ही बाई गेली तर आमच्या नवऱ्यांच्या कॉलरी माना टाकतील, अशा अर्थाच्या अर्जावर गावातल्या सभ्य बायकांनी सह्या केल्या आणि कोर्टाने केझायाला जन्मगावी राहायची परवानगी दिली.

तिची आई टेमर मात्र ओल्डमबाईंच्या स्वयंपाकघरातच राहिली. दर सोमवारी केझाया त्या घराचे मळके कपडे न्यायला जायची, तेव्हा मागच्या दाराशी दोघींची गाठ पडायची. चादरी मोजून होईपर्यंत बोलायचं, मग गाठोडं डोक्यावर घ्यायचं. केझायाने पै-पै साठवली होती. बऱ्याच दिवसांपूर्वी तिने कोणाकरवी तरी बाईंना विचारलंही होतं. बाई म्हणाल्या होत्या, "मी मेल्यावर बघू. तोवर मला बिस्किटं कोण करून घालेल?"

बाई शब्दाच्या पक्क्या. या मार्चमध्ये त्या खरोखरच मेल्या. फक्त मधल्या काळात तो आईला वगळणारा कायदा आला होता, आणि अलाबामाहून बाईंचा पुतण्या वारसा गोळा करायला आला होता. येत्या गुरुवारी तो खुर्च्या, घड्याळ, चांदीचे चमचे आणि टेमर घेऊन परत निघणार होता. चमचे गवतात गुंडाळून गाडीत जाणार होते. टेमर साठीची होती, ती गाडीमागून चालत जाणार होती. अलाबामाला गेलेलं माणूस परत आल्याचं पीटर्सबर्गमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

"तुझ्या आईला एखादा मोकळा नवरा असता," डीकन वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "तर त्याने तिला घेतली असती."

"पण नाहीये ना."

"नाहीये," डीकन म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. देवाच्या माणसाने सुचवण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून त्यांनी ती अर्धीच सुचवली.

केझाया स्थळं बघायला निघाली. नवरा मोकळा हवा, एकटा हवा आणि त्याच्या डोक्यावर कर्ज नको. कारण कर्जापायी त्याची चीजवस्तू जप्त झाली तर त्यात बायकोही जायची. एक न्हावी होता, पण त्याचं उधारीचं खातं त्याच्या वस्तऱ्यापेक्षा लांब. एक गाडीवान होता, तो शनिवारी पत्ते खेळायचा आणि बूटसुद्धा डावावर लावायचा. एका सुताराला तर आधीच दोन बायका होत्या, पण बिचारा तिसरीला तयार होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण केझायाला गरज आणि अक्कल दोन्ही होत्या, त्यामुळे तिचे जास्तच हाल झाले. शेवटी उरला आयशम.

आयशम नदीवर मासे विकायचा. पुलाखालच्या फळीवर तो शॅड मासा साफ करत बसला होता. केझाया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताजा आहे," तो मान वर न करता म्हणाला. "सकाळचाच."

"मासा नको, काका. लग्न करता का?"

आयशमने सुरी खाली ठेवली आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरी, माझे दात मोजायला एक हात पुरतो. तुला दुसरं कोणी मिळेना?"

"माझ्याशी नाही. माझ्या आईशी."

त्याने सुरी परत उचलली. "त्यापेक्षा मला नदीत ढकल."

त्याचंही चुकत नव्हतं. वीस वर्षं दर शुक्रवारी तो ओल्डमबाईंच्या मागच्या दाराशी टोपली उतरवायचा आणि वीस वर्षं टेमर त्याच्या माशाचे कल्ले उघडून म्हणायची, "हा मासा नोहाच्या तारवातून उतरलाय." मग जे सुरू व्हायचं ते शेजारची तीन घरं कामधाम सोडून ऐकायची.

केझायाने त्याला कायदा सांगितला, अलाबामा सांगितलं, गुरुवार सांगितला. पैसे सगळे माझे, तुम्ही फक्त नवरा व्हायचं, असं समजावलं. आयशम खवले काढत ऐकत होता.

"माझी बायको, चॅरिटी, जॉर्जियाला गेली," तो मग म्हणाला. "मी पैसे जमवतच होतो. थोडेच कमी होते. तिच्या मालकाला म्हटलं, पुढच्या शॅडच्या हंगामापर्यंत थांबा. तो नाही थांबला." त्याने मासा पाण्यात बुचकळला. "कधी जायचं बोल."

आता केझायाला दुसरी धास्ती पडली. कागद होणार आयशमच्या नावाचा. उद्या त्याचं डोकं फिरलं आणि त्याने टेमरला विकलं, तर विचारणार कोण?

"बायबलवर हात ठेवून सांगा, आईला कधी विकणार नाही."

"ठेवतो की. पण तुला म्हणून सांगतो, चॅरिटीला विकलं तो माणूसही दर रविवारी बायबलवर हात ठेवूनच बसायचा."

 केझायापाशी दुसरा माणूस नव्हता आणि दुसरं पुस्तकही नव्हतं.

"टेमरला विचारलंस का?" ती जायला निघाली तेव्हा आयशमने हाक मारून विचारलं.

"त्यात विचारायचं काय? एकीकडे अलाबामा, एकीकडे तुम्ही."

"तरी विचार," तो म्हणाला.

सोमवारी चादरी गोळा करताना केझायाने आईला सांगितलं, "तुझ्यासाठी नवरा बघितलाय."

टेमर उंच, वाळकी बाई. डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. तिने उशीचा अभ्रा झटकला. "आंधळा आहे का?"

"आयशमकाका."

टेमरने अभ्र्याची शांतपणे घडी घातली. "अलाबामा लांब आहे का गं फार?"

"आई!"

"नुसतं विचारलं. हवा चांगली असते म्हणतात तिकडे."

"आई, गुरुवारी गाडी निघते. त्याच्या आत तुला त्याने घेतलं तर तू माझ्याकडे येशील. चुलीशेजारी बिछाना घालून ठेवलाय मी. पिसांचा."

 चाळीस वर्षं टेमर या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपली होती. "त्याला म्हणावं, येताना हात धुऊन ये," ती म्हणाली. "राखेने घासून."

झालं. मुलीकडून होकार आला.

बुधवारी सकाळी आयशम डीकनचा काळा कोट घालून ओल्डमबाईंच्या घरी गेला. कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरापाशीच थांबल्या होत्या. हात मात्र घासून घासून लाल केले होते. केझाया धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन पाठोपाठ गेली आणि कपाटात चादरी लावायला म्हणून तिथेच रेंगाळली. जेवणघरात पुतण्या बसला होता, शेजारी इस्टेटीचा वकील. वकिलाच्या गळ्यात केझायाच्याच हातची कॉलर होती. ती इतकी कडक की त्याला मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. टेमर दाराशी उभी होती.

"मालक, माझी बायको आहे ही," आयशम टोपी हातात घेऊन म्हणाला. "विकत घ्यावी म्हणतो."

"बायको? कशावरून?" पुतण्याने विचारलं.

अख्ख्या बेतात केझायाची झोप उडवली होती ती याच प्रश्नाने. पण वकील सगळ्या अंगानिशी पुतण्याकडे वळला आणि म्हणाला, "हो हो, आहे. मी पलीकडेच राहतो. वीस वर्षं दर शुक्रवारी यांची भांडणं ऐकतोय. असं भांडण लग्नाशिवाय होत नाही."

कायद्याला एवढं पुरलं.

"दोनशे डॉलर," पुतण्या म्हणाला.

केझायापाशी नव्वद होते. साठीच्या म्हातारीचे कोणी चाळीससुद्धा देत नसे, आणि आयशमला तिने काल संध्याकाळभर पढवलं होतं, की मालाला नावं ठेवा, घासाघीस करा, प्रेम अजिबात दाखवू नका. प्रेम दिसलं की भाव चढतो.

"मालक, तिचे गुडघे तरी बघा," आयशमने सुरुवात केली. "पाऊस आला की दोन घरं पलीकडे वाजतात."

"स्वयंपाकाला गुडघे लागत नाहीत."

"डोळेही गेलेत. मागच्या शुक्रवारी शॅड कोणता न् हेरिंग कोणता, कळेना तिला."

दाराशी टेमरच्या नाकपुड्या फुगल्या. मागच्या शुक्रवारी स्वस्तातला हेरिंग शॅडच्या भावाने कोण खपवत होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. 

"अरे, हिच्या हातची बिस्किटं!" पुतण्या खुर्चीत पुढे सरसावला. "माझ्या काकूच्या प्रत्येक पत्रात त्यांचं कौतुक असायचं. रिचमंडहून लोक नुसत्या बिस्किटांसाठी यायचे."

"अख्ख्या परगण्यात असा हात नाही," वकिलाने री ओढली. "मी एकदा सहा खाल्ली होती."

चाळीस वर्षांत या घरात टेमरला कोणी 'बरं झालंय' एवढंही म्हटलं नव्हतं. आज विकायच्या वेळी तिची तारीफ करता करता गोऱ्यांच्या तोंडाला फेस आला होता, आणि तिला नावं ठेवत होती ती तिची स्वतःची माणसं. टेमर ते सगळं उभ्याने ऐकत होती. केझायाला कपाटात तोंड खुपसून बसावंसं वाटलं.

"मग एवढी निकामी बाई तुला कशाला रे हवी?" पुतण्याने डोळे मिचकावले.

आयशमला हे कोणी पढवलं नव्हतं. तो टोपी फिरवत राहिला. "भांडायला, मालक," तो म्हणाला. "या वयात नवीन माणसाशी परत पहिल्यापासून भांडण जमवायचं म्हणजे फार त्रास."

दोघे गोरे खो खो हसले. हसण्यापायी पुतण्याने पन्नास डॉलर उतरवले. पण दीडशेला तो अडून बसला. अलाबामात चांगली स्वयंपाकीण मिळत नाही, बायको सारखी कटकट करते, म्हणाला. घोडं तिथेच अडलं.

तेव्हा केझाया बोलली.

"मध्ये बोलते, माफी असावी. मी दर सोमवारी या घरचे कपडे नेते. मालक, हिचा हात गेलाय हो. हिवाळ्यापासून. मीठ घातलेलं विसरते आणि परत घालते. बाईसाहेब मोठ्या मनाच्या, बोलायच्या नाहीत. पण बिस्किटं हळूच रुमालात गुंडाळून ठेवायच्या. माझ्या टबात निघायची ती. पाण्यातसुद्धा विरघळायची नाहीत."

टेमरने मान वळवून लेकीकडे पाहिलं. गुडघे झाले, डोळे झाले, तोवर तिचा चेहरा हलला नव्हता. आता मात्र तिने अशी नजर टाकली, की केझायाने हातातली चादर परत उलगडली आणि परत घडी घालायला घेतली.

"असं?" पुतण्या म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं. "मग वाद कशाला? हिला आत्ताच करू दे बिस्किटं. चांगली झाली तर ही माझ्याबरोबर अलाबामाला. नाही झाली तर बघू."

केझायाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा निवडूनही तिनेच आणला होता.

अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या दारात पुतण्या स्वतः खुर्ची टाकून बसला. काही लबाडी नको म्हणे. केझायाला त्याने लाकडं आणायला पिटाळलं. ती धापा टाकत परत आली तेव्हा पीठ, चरबी, दूध सगळं एकत्र होऊन कणीक ओंडक्यावर आली होती आणि टेमरने कुऱ्हाडीचा दांडा हातात घेतला होता.

ही बिस्किटं कुटावी लागतात. कणीक दांड्याने कुटायची, घडी घालायची, परत कुटायची. ती रेशमासारखी होऊन तिच्यावर फोड येऊन फट् फट् फुटायला लागले की झाली. त्याआधी हात थांबला तर बिस्किट दगड होतं. म्हणजे आज टेमरने काहीच करायचं नव्हतं, फक्त लवकर थांबायचं होतं. जगातल्या कोणत्याही आळशी बाईने हे काम हसत केलं असतं.

पण टेमरला आळस करायचा सराव नव्हता. ती कुटत राहिली. खांद्यातून दांडा उचलायचा, नीट मध्यावर आणायचा. घडी. परत दांडा. केझायाने खोकून पाहिलं. लाकडं मुद्दाम आपटली. आईने वर पाहिलं नाही.

"टेमरबाई, पुरे की आता," ती न राहवून म्हणाली. "मालक खोळंबलेत."

"माझं काम मला शिकवू नकोस, धुणेवाले," टेमर म्हणाली.

कणकेवर पहिला फोड आला आणि फट् करून फुटला.  केझायाला संताप आला, इतका की डोळ्यांपुढे लाल दिसायला लागलं. म्हातारीला कौतुक चढलंय, तिला वाटलं. दोन गोऱ्यांनी बरं म्हटलं न् हिला लेक नको, पिसांचा बिछाना नको. हिला बिस्किटं प्यारी. जा मग अलाबामाला, कुटत बस तिकडे. असं म्हणून तिने मनातल्या मनात आईला टाकून दिलं, आणि लगेच दाराची चौकट घट्ट धरली.

टेमरने कणीक लाटली, गोल कापली, प्रत्येकावर काट्याने तीन वेळा टोचलं आणि भट्टीत सारली. बाहेर आली ती एकसारखी, कडेला पांढरी, माथ्यावर जेमतेम सोनेरी. वकील वासानेच अंगणातून आला.

"हात गेला म्हणे!" पुतण्या हसला आणि त्याने एक मोठा घास तोडला. वकिलाने त्याहून मोठा.

पुतण्याची दाढ दोनदा हलली आणि थांबली. तो खुर्चीवरून उठला आणि दारातल्या फुलांच्या वाफ्यात थुंकला. मग पाणी मागितलं. वकिलालाही थुंकायचं होतं, पण कॉलरीपायी वाकता येईना, म्हणून त्याने डोळे मिटून तो घास गिळला. केझायाची खळ त्या दिवशी अशीही कामाला आली.

"मीठ!" पुतण्या चूळ भरत ओरडला. "समुद्र घातलाय नुसता! पन्नास दे आणि घेऊन जा हिला. आत्ताच्या आत्ता, जेवणाच्या आधी."

अंगणात जमलेली घरातली माणसं हसली. समोरच्या घरातली मोलकरीण कुंपणावरून हसली. टेमरचा हात गेला, हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. टेमर ताट हातात धरून मधोमध उभी होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

"मालक, ही टाकू का?"

"तुझ्या नवऱ्याला घाल. त्याने हौसेने घेतलंय तुला."

टेमरने बिस्किटं एकेक करून एप्रनमध्ये ठेवली आणि गाठ मारली. चाळीस वर्षांनंतर त्या घरातून तिने नेलं ते एवढंच.

कागद झाला. आयशमने तो टोपीत ठेवला आणि टोपी कानांपर्यंत ओढली. तिघं पुलाकडे चालायला लागले. आयशम पुढे, टेमर सवयीने चार पावलं मागे, आणि केझाया मध्ये, कोणाच्या बरोबरीने चालावं हे न कळून. पुलाच्या मध्यावर आयशम थांबला. टेमर जवळ येईपर्यंत थांबून राहिला.

"टेमरबाई, कागदावर तुम्ही माझ्या झालात. मोकळं करून टाकलं असतं, पण मग वर्षात राज्य सोडायला लावतील, म्हणून कागद टोपीतच बरा. आता राहायचं म्हणाल तर लोकांच्या डोळ्यांना माझं घर बरं. लेकीकडे राहायचं असेल तरी मी तोंड उघडणार नाही. तुम्हाला काय हवं?"

"काय म्हणालास?"

"तुम्हाला काय हवं, असं म्हटलं."

टेमर कठड्याला टेकली. खाली नदीत जाळी टाकलेल्या होड्या होत्या.

"यात विचारायचं काय?" केझाया म्हणाली. "आई, बिछाना घातलाय मी..."

"तुला नाही विचारलं त्याने," टेमर म्हणाली. मग आयशमकडे वळली. "थांब जरा, मासेवाल्या. साठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. लगेच उत्तर देऊन संपवायचं कशाला? जेवते, मग सांगते."

केझायाच्या घरी मक्याचा पाव, डुकराचं मांस घातलेली पालेभाजी असं सगळं तयार होतं. तिने आईला खुर्ची दिली. टेमर खुर्चीच्या कडेवर बसली, पिसांच्या बिछान्याकडे एकदा पाहिलं, आणि एप्रनची गाठ सोडून बिस्किटं टेबलावर मांडली. एक केझायाच्या ताटात ठेवलं.

"खा."

"आई, मला बोलावं लागलं. भाव उतरत नव्हता."

"कळलं मला. तू मिठाचं बोललीस तेव्हाच म्हटलं, पोरीने वाट दाखवली. तू लाकडं आणायला गेलीस न् मी मूठभर जास्त घातलं. तो मेला दारात बसून माझ्या हाताकडेच बघत होता, पण त्याला काय कळतंय."

"मग एवढं कुटत का बसलीस? माझा जीव गेला होता!"

"मीठ जास्त झालं तर लोक म्हणतात, म्हातारी विसरली," टेमर म्हणाली. "कणीक कच्ची राहिली तर म्हणतील, टेमरने काम चुकवलं. तेवढं नाही होऊ दिलं मी." तिने एप्रनवरचा चुरा झटकला. "आज पहिल्यांदा मला चांगलं म्हणाले ते लोक. दोघंही. आणि घटकाभरात मी त्यांना माझं बिस्किट थुंकायला लावलं. तुला वाटतंय तू सोडवलंस मला, तुझ्या पैशांनी आणि तुझ्या जिभेने. खा ते. बघ कशाने सुटले."

केझायाने बिस्किट उचललं. आयशमनेही न विचारता एक घेतलं आणि पुढच्या दातांवर चावलं. त्याचा चेहरा आक्रसला, पण तो चावत राहिला, आणि नेटाने पूर्ण गिळलं.

"खारट आहे," तो म्हणाला. "पण कणीक... अशी कणीक या गावात दुसऱ्या कोणाला जमायची नाही, टेमरबाई."

टेमरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. कोणी कौतुक केलं की त्यामागे काय विकायचंय ते शोधायची नवी सवय तिला आज सकाळीच लागली होती. पण या माणसापाशी विकायला काही दिसत नव्हतं. मासेसुद्धा तो घरी ठेवून आला होता. तिने दुसरं बिस्किट त्याच्याकडे सरकवलं.

केझाया खात होती. मिठाने जीभ सोलली जात होती, आणि मिठाच्या आत ती चव होती, लहानपणी त्या मागच्या दाराशी आई तुकडा हातात कोंबायची तीच. तिचे डोळे भरून वाहायला लागले. ती तशीच खात राहिली.

"पुरे," टेमर म्हणाली आणि एप्रनच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. "मीठ आधीच दुप्पट पडलंय, वर आणखी घालू नकोस."